अर्धा निरोप

कोयाइकेहून दक्षिणेला दोन दिवस, नदीच्या वळणावर
एका खोलीचं रेडिओ केंद्र.
तिथं मी गेलो तो मोठ्या ऐटीत,
बॅगेत डेटाबेस घेऊन.

नोल्फा एकोणीस वर्षं दरीतल्यांचे निरोप वाचतेय.
रुदेसिंदोला: मीठ आणि मेंढ्यांचं औषध पाठवलंय.
वरच्या पठारावरच्या एर्सिलियाला: भावाला मुलगा झाला, दोघं बरी.
तिकडे टपाल नाही, फोनला रेंज नाही.
संध्याकाळी साडेसातला डोंगराआड
माणसं हातातलं काम टाकून कान लावतात.

एका निरोपाची एक फाइल.
आधी तारीख, पुढे सुचेल ते नाव:
घोडी-व्याली. चष्मा. पुन्हा-तोच-चष्मा.
एकतीस हजार, सगळ्या एकाच फोल्डरात.
एखादी शोधायला लावून नोल्फा येर्बा उकळायची,
प्यायची, भांडं विसळून यायची,
तरी संगणक आपला शोधतोच आहे.
एकदा ती आणि भाचा एकाच फाइलवर बसले.
त्यानं सेव्ह केलं, तिचं पुसलं गेलं.
हूं नाही की चूं नाही.

मी म्हणालो, हे सगळं आता संपलं.
तक्ता असेल, रकाने असतील,
दोघांनी एकदम लिहिलं तर एक जण थांबेल.
हवा तो निरोप पापणी लवायच्या आत.
आणि मध्येच वीज गेली
तर निरोप पुरता उतरेल, नाहीतर मुळीच नाही.
अर्धवट काही हा ठेवत नाही.

तिनं तेवढ्याच वाक्याला मान वर केली.

म्हणाली, एका जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात,
भाचा लिहून घेत होता आणि वीज गेली.
परत आली तेव्हा भाचा घरी, आणि फाइलीत एवढंच:
'रुदेसिंदो, गुरुवारी दोन घोडे घेऊन पुलावर ये'
पुढचं 'बर्फ नसेल तर' कुठं गेलं कोण जाणे.
होतं तेवढं मी वाचलं. तो आला.
दोन रात्री थांबला.
डाव्या पायाची दोन बोटं पुलाला दिली,
असं तोच हसून सांगतो.

बघा, मी म्हणालो. म्हणूनच तर.

पुढच्या वर्षी पुन्हा गेली, ती म्हणाली.
फाइलीत चार शब्द:
'एर्सिलिया, तुझी आई आता'
आता काय, ते नव्हतं. पूर्णविरामही नव्हता.
मी चारच शब्द वाचले.
एर्सिलियानं रात्रीच खोगीर घातलं.
पोचली तेव्हा आई तिला ओळखत होती.

तुझ्या तक्त्यात असते का रे ते चार शब्द?

नसते.

रात्रभर मी निरोप उतरवत बसलो.
कोणाकडून, कोणाला, कुठे, कधी, काय.
'कोणाला' रिकामं चालणार नाही, हा नियम माझाच.
पहाटे एक फाइल तक्त्यानं तीनदा परत केली.
त्यात होतं: 'आज इकडे कुणीच आलं नाही.'
बस्स, एवढंच.
मी नियम सैल केला.

दुसरं मला कळलंच नाही.
मृत्यूच्या निरोपाआधी ती तीन ओळी रिकाम्या सोडायची,
श्वासासाठी.
रिकामी जागा झाडून काढायची माझ्या प्रोग्रामला सवय.
साडेसातला तिनं लोकरीचा भाव
आणि पुलापलीकडच्या ओनोफ्रेचं जाणं
एका दमात वाचलं.
माइक बंद केला. बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही.

आता रुदेसिंदोला आजवर चारशे बारा निरोप गेले
हे मला क्षणात सांगता येतं.
त्यातला कुठला ऐकून तो उठला,
कुठला ऐकून नुसता बसून राहिला,
ते तक्त्याला विचारायची सोय नाही.
फाइलींनाही कुठं माहीत होतं म्हणा.

जुना संगणक तिनं कोपऱ्यात ठेवलाय, झाकणाला चिकटपट्टी लावून.
भाचा आधी त्यात लिहितो, मग माझ्यात.
दुप्पट काम आहे, मी सांगून पाहिलं.
परवा पुन्हा वीज गेली.
आली तेव्हा माझा तक्ता स्वच्छ होता, काही न घडल्यासारखा.
ती त्याच्यापुढून उठली
आणि कोपऱ्याकडे गेली.